चोर सोडून संन्याशाला फाशी

‘लिनक्स म्हणजे डोक्याला ताप’ हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता ते म्हणीसारखं वाटायला लागलंय. भाचे म्हणतात, पुतणे म्हणतात, माजी विद्यार्थी म्हणतात. ज्यांनी लिनक्स डोळ्यांनीसुद्धा पाहिलेलं नाही ते तर सगळ्यात ठासून म्हणतात. पुरावा विचारला की बहुतेकांची कहाणी एकच निघते. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर टाकायला गेलो, यंत्र पुन्हा सुरू केलं, आणि पडदा काळा! झालं. खटला निकाली. आरोपी लिनक्स, दोषी. शिक्षा: तडीपार.

माझं म्हणणं असं आहे मंडळी, की या खटल्यात आरोपीच चुकीचा उभा केलाय. पडदा काळा होतो हे खरं. त्रास होतो हेही खरं. पण ज्यानं दाराला कुलूप लावलं तो बाहेर मोकळा फिरतोय, आणि ज्याला घरात जाता आलं नाही त्याला आपण चोर म्हणतोय. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

हे आत्ताच लिहायचं कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा आधार बंद केला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, आणि प्रोसेसरही ठरावीक यादीतलाच लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे २०१५-१६ साली घेतलेला, आजही ठणठणीत चालणारा संगणक एका तारखेला म्हातारा ठरला. अशी यंत्रं आपल्या अमरावती-अकोल्याकडे घराघरात आहेत, शिकवणीवर्गात आहेत, झेरॉक्सच्या दुकानात आहेत, शाळांच्या संगणकखोलीत आहेत. त्यांचं करायचं काय? भंगारवाल्याला किलोवर घालायची, का लिनक्स टाकून आणखी चार-पाच वर्षं राबवायची? ज्या घरात नवा संगणक म्हणजे दोन-तीन महिन्यांचा पगार आहे, त्या घरासाठी हा प्रश्न शोभेचा नाही. आणि या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा त्या एका काळ्या पडद्यापाशी अडतं. म्हणून तो पडदा जरा बाजूला सारून आत काय आहे ते पाहू.

आधी ड्रायव्हर म्हणजे काय? एसटीचा ड्रायव्हर डोळ्यापुढे आणू नका, गोंधळ होईल. कोर्टातला दुभाषी डोळ्यापुढे आणा. साक्षीदाराला फक्त कोरकू येते, न्यायाधीशांना फक्त मराठी. मध्ये दुभाषी नसेल तर दोघंही शहाणे असून उपयोग नाही. लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नेल म्हणतात, तो न्यायाधीश. ग्राफिक्स कार्ड हा साक्षीदार. कार्डाची भाषा त्याच्या कंपनीनं ठरवलेली असते. ती भाषा कंपनीनं जाहीर केली, तर जगातला कोणीही हुशार माणूस दुभाषी होऊ शकतो. जाहीर नाही केली, तर दुभाषी फक्त कंपनीचा. तो येईल तेव्हा येईल, म्हाताऱ्या साक्षीदारासाठी यायचा बंद होईल तेव्हा बंद होईल, आणि तो बरोबर सांगतोय की नाही हे तपासायची सोय कोणालाच नाही.

आता हे कुलूप कोणाचं, ते नाव घेऊन बोलू. एनव्हिडिया. लिनक्ससाठी ड्रायव्हर ही कंपनी कित्येक वर्षं देतेय, आणि तो चालतो तेव्हा झकास चालतो. हे मान्य न करणं अन्याय होईल. पण तो दिला बंद पेटीत. मग काही स्वयंसेवकांनी कार्डाचं वागणं बाहेरून बघून बघून त्याची भाषा उलगडायला घेतली. त्यांच्या ड्रायव्हरचं नाव नूवो, म्हणजे फ्रेंचमध्ये ‘नवा’. २०१० मध्ये तो लिनक्सच्या मूळ कर्नेलमध्ये दाखल झाला. शब्दकोश नाही, व्याकरण नाही, शिकवणारा नाही, नुसतं ऐकून ऐकून परकी भाषा शिकायची! मी भाषा शिकवलेली आहे, म्हणून मला या पोरांचं कौतुक इतरांपेक्षा जरा जास्त आहे.

जून २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनसबुवा टोरवाल्ड्स, म्हणजे १९९१ साली लिनक्स सुरू करणारे गृहस्थ, श्रोत्यांशी बोलत होते. एनव्हिडियाचा प्रश्न निघाला. त्यांनी सांगितलं की आजवर संबंध आलेल्या कंपन्यांत ही सगळ्यात वाईट. आणि मग कॅमेऱ्याकडे पाहून एक बोट दाखवलं. कोणतं ते विचारू नका. माझ्या वर्गात कोणी तसं केलं असतं तर बाकावर उभं केलं असतं. पण बोट वाईट म्हणून मुद्दा वाईट ठरत नाही.

पुढे मे २०२२ मध्ये कंपनीनं आपल्या ड्रायव्हरचा कर्नेलमध्ये बसणारा भाग खुला केला. टाळ्या वाजल्या. वाजायलाच हव्यात. पण तो कोणासाठी खुला केला ते बघा: ट्यूरिंग पिढी, म्हणजे २०१८ पासून पुढची कार्डं. वरचा मोठा भाग आणि कार्डाच्या आतलं फर्मवेअर अजून बंदच. आणि त्याआधीची कार्डं? २००९ चं जीफोर्स २१० ज्या ३४० मालिकेवर चालायचं, ती २०१९ च्या अखेरीस थांबली. जीटी ६१० सारख्यांची ३९० मालिका २०२२ मध्ये थांबली. जीटी ७१० ची ४७० मालिका २०२४ मध्ये. जीटीएक्स १०५० च्या पिढीसाठी ५८० हीच शेवटची मालिका असं कंपनीनं २०२५ मध्ये सांगून टाकलं.

यातली सगळ्यात वाईट गत कोणाची? २०१४ च्या अखेरीपासून २०१७ पर्यंतच्या कार्डांची. त्यांच्यात कंपनीनं अशी व्यवस्था केली की कंपनीच्या सहीचं फर्मवेअर असल्याशिवाय कार्डाचा वेग वाढवता येत नाही. त्यामुळे नूवो तिथे चालतो, पण कार्ड सुरू होताना ज्या मंद गतीवर असतं त्याच गतीवर. घोडा तुमचा, चारा तुमचा, पण टाच मारायची तर सावकाराची चिठ्ठी आणा! कंपनीचा ड्रायव्हर थांबणार, आणि मोकळ्या ड्रायव्हरचे हात बांधलेले. म्हणजे हे कार्ड बिघडून मरणार नाही, त्याला मारलं जाणार आहे. आणि आपल्या बाजारात जुन्यात फिरणारी, कोणीतरी पुण्याहून येताना भाच्यासाठी आणलेली, ती नेमकी हीच कार्डं. खुलेपणाची पंगत बसली, पण पानं वाढली ज्यांची पोटं भरलेली होती त्यांना.

वऱ्हाडातल्या माणसाला हे समजायला शकुंतलेची आठवण पुरेशी आहे. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर, आपली नॅरोगेज. कापूस वाहून न्यायला विलायती कंपनीनं टाकलेली. देश स्वतंत्र झाला, रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, पण ही लाइन खाजगी कंपनीच्याच मालकीची राहिली. गाडी चालवायची आपल्या रेल्वेनं. गार्ड आपला, प्रवासी आपले, हाल आपले; रूळ तेवढे दुसऱ्याचे. १९९४ साली वाफेचं इंजिन जाऊन डिझेलचं आलं. इंजिन बदललं, रूळ तेच. शेवटी ती थांबलीच. इतकी वर्षं गाडी उशिरा आली की शिव्या कोणाला बसायच्या? स्टेशनमास्तरला! त्याच्या खिडकीशी माणसं भांडायची, कारण तो दिसायचा. मालक दिसतच नव्हता. लिनक्स हा तो स्टेशनमास्तर आहे.

यावर ठरलेले आक्षेप येतात. एकेक घेऊ.

पहिला: ‘कंपनीनं पैसा ओतलाय, गुपितं का म्हणून उघडी करावीत?’ अरे बाप्पा, गुपितं मागतंय कोण? कार्ड कसं बनवलं ते नका सांगू. त्याच्याशी बोलायचं कसं, तेवढं सांगा. एएमडीनं २००६ मध्ये एटीआय ही कार्डं बनवणारी कंपनी विकत घेतली, आणि २००७ मध्ये रेडिऑन कार्डांची कागदपत्रं देण्याचं धोरण जाहीर केलं. त्याआधी रेडिऑनचा बंद ड्रायव्हरसुद्धा लोकांना असाच रडवत होता. आज एएमडीचा खुला ड्रायव्हर कर्नेलसोबतच येतो. इंटेलचाही येतो. या कंपन्या काही भिकेला लागल्या नाहीत.

दुसरा: ‘लिनक्सवाले कर्नेलची आतली रचना सारखी बदलतात, म्हणून बाहेरचा ड्रायव्हर मोडतो. मग दोष त्यांचाच!’ हा आक्षेप वजनदार आहे, झटकून टाकता येणार नाही. कर्नेलची मंडळी आतल्या रचनेची हमी देत नाहीत, आणि ते मुद्दाम देत नाहीत. जुनं, वाकडं, असुरक्षित काम सांभाळत बसावं लागू नये म्हणून. पण त्यांनी बदल्यात काय दिलंय पाहा. ज्याचा ड्रायव्हर खुला आणि कर्नेलच्या आत आहे, त्याच्यासाठी रचना बदलणारा माणूसच ड्रायव्हरही दुरुस्त करून देतो. घर दुरुस्त करताना घरातल्या सगळ्यांची सोय बघितली जाते. गल्लीत तंबू ठोकून राहणाऱ्यानं ‘मला विचारलं नाही’ म्हणावं, तर आत या ना! दार उघडंच आहे.

तिसरा, आणि हा नेहमी जोरात येतो: ‘विंडोजवर तर चालतं!’ चालतं, कारण तिथला दुभाषी कंपनी पगार देऊन ठेवते. पगार थांबला की तिथेही थांबतं. आणि १४ ऑक्टोबरनं दाखवलंच की तिथे नुसतं कार्ड नाही, अख्खं यंत्रच वयात बसत नाही म्हणून बाहेर काढलं जातं. आपण विंडोजच्या त्रासाला ‘कम्प्युटर जुना झाला’ म्हणतो आणि लिनक्सच्या त्रासाला ‘लिनक्स खराब’ म्हणतो. हा न्याय कुठला?

गंमत म्हणजे या कंपनीचं आजचं सगळं वैभव लिनक्सवर उभं आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची अवाढव्य यंत्रं लिनक्सवर चालतात. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत लिनक्सशिवाय दुसरं काही दिसलेलं नाही. २०२५ मध्ये या कंपनीचं बाजारमूल्य पाच लाख कोटी डॉलरच्या वर जाऊन आलं. ज्या विहिरीच्या पाण्यावर बागायत केली, त्या विहिरीवर बाकीच्यांनी पाणी भरायचं म्हटलं की दोरी नाही!

आता दुसऱ्या बाजूलाही चार शब्द सुनावल्याशिवाय मी थांबणार नाही. लिनक्सचे स्वयंघोषित पंडित. यांच्याकडे नवखा माणूस काळा पडदा घेऊन गेला की दोनच गोष्टी होतात. एक तर ‘आधी वाचून या’ म्हणून हाकलतात. नाहीतर सात ओळींच्या आज्ञा अंगावर फेकतात: ‘हे चिकटवा, एंटर मारा.’ का मारायचं? विचारायचं नाही. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला सुडो, म्हणजे घरच्या तिजोरीसकट सगळ्या किल्ल्या. कोणा अनोळखी माणसानं सांगितलेली, आपल्याला न कळणारी गोष्ट, सगळ्या किल्ल्या देऊन करायची!

आम्ही शाळेत याला गाइडवर पास होणं म्हणायचो. अपेक्षित प्रश्नसंच पाठ करायचा, पेपरात प्रश्न जरा फिरवून आला की पोरगं रडत घरी. आज्ञा चिकटवणाऱ्याचं तेच होतं. ती उत्तरं दुसऱ्या कोणाच्या कार्डासाठी, दुसऱ्याच वर्षीच्या आवृत्तीसाठी लिहिलेली असतात. पहिली यादी चालली नाही म्हणून दुसरी, मग तिसरी. तीन वैद्यांची तीन औषधं एका रात्रीत पोटात. सकाळी रोगी कशानं गेला ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही, आणि दाखल्यावर कारण लिहायचं: लिनक्स.

याला उतारा आहे, आणि तो आपण सगळ्यांनी आठवीच्या प्रयोगवहीत लिहिलेला आहे. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. पंडितांच्या यादीत नुसती कृती असते. बाकीचे तीन रकाने कोरे. ते भरू या.

साहित्य. आपल्याकडे नक्की कोणतं कार्ड आहे? दुकानदारानं सांगितलं ते नको, खोक्यावर छापलंय तेही नको. एलएसपीसीआय नावाची आज्ञा कार्डाचं खरं नाव सांगते, आणि सध्या कोणता ड्रायव्हर त्याला सांभाळतोय तेही. ते वहीत लिहा. लिनक्सची आवृत्ती आणि कर्नेलचा क्रमांकही लिहा. आणि त्याआधी संगणकाचं झाकण उघडा! अकोल्याचा उन्हाळा पंचेचाळीसच्या वर जातो. कार्डाच्या पंख्यावर वर्षाची धूळ साचली असेल तर त्या तापात पडदा काळा होणारच, तिथे ड्रायव्हर काय करील? पंखा साफ करा. कार्ड काढून त्याच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरानं हलक्या हातानं पुसा. मॉनिटरची वायर कार्डालाच लावलीय ना, मदरबोर्डच्या भोकात तर नाही, ते बघा.

निरीक्षण. पडदा काळा म्हणजे यंत्र मेलं असं समजू नका. कंट्रोल, आल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. अक्षरांचा साधा पडदा येऊन नाव आणि पासवर्ड विचारला, तर यंत्र जिवंत आहे, फक्त चित्र काढणारा रुसलाय. तोही येत नसेल तर यंत्र सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून यादी आणा आणि प्रगत पर्यायांतला आधीचा कर्नेल निवडा. जुन्या कर्नेलवर पडदा उजळला तर अर्धं निदान झालं: कर्नेल नवा आला, पण बंद ड्रायव्हर त्याच्यासाठी नव्यानं बांधला गेला नाही. हे बांधकाम डीकेएमएस नावाची व्यवस्था आपोआप करते, पण तिला त्या कर्नेलच्या हेडर फायली लागतात. त्या नसल्या की गवंडी आला आणि विटाच नाहीत, अशी गत.

पहिल्यांदाच लिनक्स टाकताना पडदा काळा होत असेल, तर सुरुवातीच्या ओळीत ‘नोमोडसेट’ हा शब्द जोडला की साधं का होईना, चित्र दिसतं. ही कुबडी आहे. घरात शिरण्यापुरती वापरायची, कायमची नाही.

कृती. एका वेळी एकच. कंपनीच्या संकेतस्थळावरून फाइल उतरवून बसवायची ही विंडोजची सवय आधी सोडा. आपल्या लिनक्सच्या भांडारात तपासलेला ड्रायव्हर असतो, तोच घ्या. उबुंटू आणि मिंटमध्ये त्यासाठी ड्रायव्हरची वेगळी खिडकीच आहे, काळ्या पडद्यावर आज्ञा लिहायचीही गरज नाही. बाहेरून आणलेला आणि भांडारातला असे दोन्ही एकत्र बसवले की दोन सवतींसारखे भांडतात. आधी बाहेरचा होता त्याच पद्धतीनं काढायचा, मगच दुसरा. नूवो आणि कंपनीचा, हे दोघंही एका कार्डावर एकदम बसू शकत नाहीत. भांडारातून घेतलं तर नूवोला बाजूला ठेवण्याचं काम तेच करतं.

आणि एक निळा पडदा. यानं फार जणांचा घात केलाय. यंत्रात सिक्युअर बूट चालू असेल तर कर्नेल सही नसलेला ड्रायव्हर आत घेत नाही. म्हणून बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात, आणि यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर निळ्या पडद्यावर, इंग्रजीत, काही सेकंदांपुरतं विचारतात. घाबरून ‘कन्टिन्यू बूट’ निवडलं की सही राहिली आणि ड्रायव्हर दाराबाहेर. तिथे ‘एनरोल मॉक’ निवडायचं, मघाचा पासवर्ड द्यायचा, आणि यंत्र पुन्हा सुरू करायचं. इतकंच. पण हे आधी कोणी सांगितलेलं नसेल तर पंचाहत्तरीचा माणूसच काय, पंचविशीचाही तिथे चुकतो. त्याला अडाणी म्हणायचा अधिकार कोणाला नाही.

अनुमान. कधी कधी अनुमान असं निघतं की कंपनीच्या ड्रायव्हरची आपल्याला गरजच नाही. आपलं काम काय? पत्र टंकणं, वर्तमानपत्र वाचणं, नातवंडांचे फोटो, यूट्यूबवर कीर्तन. जुन्या कार्डावर एवढ्याला नूवो बहुतेक वेळा पुरतो. प्रोसेसरमध्ये इंटेलचं ग्राफिक्स असेल तर जुनं कार्ड सरळ काढून ठेवा, वीजही वाचेल. ज्याला खेळ खेळायचे, चित्रफिती जुळवायच्या, त्यानं बंद ड्रायव्हरच्या मागे लागावं. बाकीच्यांनी कायले?

आता कोणी म्हणेल, बाई, तुम्ही मराठीच्या. तुम्हाला या बंद-खुल्याचं एवढं काय पडलंय? मराठीची आहे म्हणूनच पडलंय! मराठीनं हे दुखणं आधीच काढलेलं आहे. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झालं. त्यांचं जिस्ट कार्ड संगणकात बसवलं की पडद्यावर देवनागरी दिसायची. काम मोठं होतं, पण कार्ड नाही तर अक्षर नाही. मग फाँट आले. प्रत्येक कंपनीचा वेगळा, प्रत्येकाची आतली रचना वेगळी. एकात टंकलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की ‘अमरावती’च्या जागी किडे-मुंग्या. वर्तमानपत्रांची संकेतस्थळं वाचायला ज्याचा त्याचा फाँट उतरवावा लागायचा. कितीतरी संस्थांच्या स्मरणिका, कितीतरी लेखकांची हस्तलिखितं त्या फाँटांत अडकून पडली. मजकूर आपला, भाषा आपली, किल्ली कंपनीची.

सुटका कशानं झाली? युनिकोडनं. सगळ्यांसाठी जाहीर, सगळ्यांसाठी सारखं. आणि रेड हॅटनं २००४ मध्ये मोकळे केलेल्या ‘लोहित’सारख्या खुल्या फाँटांनी. आपण सगळे जे मराठीत लिहितो आणि अमेरिकेतली पुतणी ते वाचते, ते त्या खुलेपणाचं देणं आहे. ज्यांनी फाँटाच्या कुलपाबद्दल शिव्याशाप दिले, त्यांनीच ड्रायव्हरच्या कुलपाला ‘व्यवहार आहे’ म्हणावं हे मला पटत नाही.

खरं तर ही सगळी लढाईच एका ड्रायव्हरवरून सुरू झाली. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर आला. कागद अडकला की सगळ्यांना निरोप जावा, एवढी सुधारणा रिचर्ड स्टॉलमनना त्याच्या प्रोग्रॅममध्ये करायची होती. जुन्या प्रिंटरला त्यांनी ती केलेली होती. नव्याचा मूळ मजकूर मागितला तर मिळाला नाही. ते दुखणं त्यांनी विसरलं नाही, आणि १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला. कागद अडकला तेव्हा त्यांनी प्रिंटरला लाथ घातली नाही, किल्ली कोणाकडे आहे ते शोधलं. आपणही तेवढंच करायचंय.

करता काय येईल? पुष्कळ. एक, लिनक्स टाकण्याआधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा. काही पुसलं जात नाही, आणि पडदा उजळतो की नाही ते कळतं. दोन, नवं-जुनं कोणतंही यंत्र घेताना दुकानदाराला विचारा: ‘लिनक्सवर याचा ड्रायव्हर कर्नेलमध्येच आहे का?’ त्याला उत्तर येणार नाही. पण दहा गिऱ्हाइकांनी विचारलं तर अकरावं येण्याआधी तो शोधून ठेवील. आपल्या बाजाराला मी ओळखते. तीन, जे शाळेच्या समितीवर आहेत त्यांनी संगणक खरेदीच्या अटींत एक ओळ घालावी: ग्राफिक्सचा ड्रायव्हर खुला असावा. केरळनं २००१ मध्ये आयटी ॲट स्कूल प्रकल्प सुरू केला आणि पुढे सरकारी शाळा मुक्त प्रणालीवर नेल्या. तिथली पोरं अगदी ग्नू-लिनक्सवर शिकतात. आपल्याकडे एमएस-सीआयटीमधला ‘एमएस’ महाराष्ट्र स्टेटचा आहे हे पुष्कळांना माहीत नाही. त्यांना तो मायक्रोसॉफ्टचाच वाटतो, आणि शिकवलेलं पाहता वाटलं तर नवल काय!

चार, आणि हे माझ्या ब्लॉगवाल्या दोस्तांसाठी. ज्यांना हे जमतं त्यांनी ते मराठीत लिहा. नुसती आज्ञांची यादी नको. कार्ड कोणतं, काय दिसलं, काय केलं, का केलं, आणि त्यानंतर काय झालं. चारही रकाने भरून. निळ्या पडद्यासमोर एकटा बसलेला अचलपूरचा कोणी माणूस ते वाचून योग्य ओळ निवडील, आणि एक चांगला संगणक भंगारात जायचा वाचेल.

आणि हो, नातेवाईक मंडळींनो! यापुढे कोणाचा पडदा काळा झाला तर खुशाल शिव्या द्या, मन मोकळं करा. फक्त त्याआधी कार्डाचं नाव बघा, वर्ष बघा, आणि शिव्या योग्य पत्त्यावर पाठवा. पत्ता लिनक्सचा नाही.